दोन नंबरची ओळ

"बाई, भलतंच गेलं ओ! आता कसं पुसायचं?"

शेट्यांचा फोन आला तेव्हा माझे दोन्ही हात चकलीच्या पिठात होते. मंगळवार, सकाळचे सव्वाअकरा. फोन मी खांद्यानं कानाशी दाबून धरला आणि मनात म्हटलं, या माणसाला बरोबर मी कामात असतानाच घोळ घालायचं सुचतं.

"कुठं गेलं?"

"ग्रुपवर. चुकून गेलं ओ. कुणी बघायच्या आत काढलं पायजे."

"मागच्या मंगळवारी काय शिकवलं होतं मी?"

"तेच तर आठवंना."

"आठवंना! वहीत लिहून घेतलंत ना? बरं, असू दे. त्या मजकुरावर बोट दाबून धरा. रंग बदलला?"

"बदलला."

"वर कचऱ्याचा डबा आलाय बघा. त्यावर दाबा. आता खाली दोन-तीन ओळी येतील."

"आल्या, आल्या. काय लिवलंय ते वाचून दाखवू?"

"वाचत काय बसताय? दोन नंबरची दाबा."

"दोन नंबरची?"

"दोन नंबरची हो! मराठीतच सांगतेय ना मी?"

पलीकडं थोडा वेळ नुसता श्वास ऐकू आला. मग एकदम हुश्श.

"गेलं बाई! पुसलं गेलं. लई उपकार झाले."

"उपकार राहू द्या. संध्याकाळी वही घेऊन या," म्हणून मी फोन ठेवला आणि चकल्यांकडं वळले. काय गेलं होतं ते मी विचारलंसुद्धा नाही.

मी इंदुमती गुळवणी. तासगावात 'गुळवणी टायपिंग' म्हणून क्लास होता तो माझा. एकतीस वर्षं मी पोरापोरींना मराठी-इंग्रजी टायपिंग शिकवलं, आणि माझा नियम एकच. मान वर! कळांकडं बघायचं नाही. जो बघेल त्याच्या हातांवर मी रुमाल पसरायचे आणि म्हणायचे, आता मार. बोटांना ठाऊक पाहिजे, डोळ्यांना विचारायचं नाही. पुढं कॉम्प्युटर आले, माझी मशिनं भंगारात गेली, क्लास बंद पडला, पण शिकवायची खाज कुठली जातेय! ज्येष्ठ नागरिक संघात दर मंगळवारी पाच वाजता मी मोबाईलचा क्लास घ्यायला लागले. अक्षरं मोठी कशी करायची, फोन भरला की जागा कशी करायची, 'शुभ सकाळ'च्या फुलांनी डोकं उठवणाऱ्या ग्रुपचा आवाज कसा बंद करायचा, असल्या साध्या साध्या युक्त्या. फोन हातात न घेता, नुसतं तोंडी सांगायचे सगळं. आपल्याला पाठ आहे याचा मला केवढा तोरा होता म्हणून सांगू!

मल्लाप्पा शेटे माझे सगळ्यात मन लावून शिकणारे विद्यार्थी. चौतीस वर्षं पोस्टमन होते. एक पत्र कधी चुकीच्या दारात टाकलं नाही, असं अख्खं तासगाव सांगायचं. रिटायर झाल्यावर मात्र हाताला कंप सुटला. 'कसा आहेस' एवढं टाइप करायला त्यांना दहा मिनिटं लागायची, आणि तेही 'कसा आहेसससस' व्हायचं. म्हणून मी त्यांच्या फोनमध्ये शब्दांची सोय करून दिली होती. 'वा' मारलं की वर 'वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा' येणार. 'अ' मारलं की 'अभिनंदन'. 'भा' मारलं की 'भावपूर्ण श्रद्धांजली'. वर आलेल्यावर एकदा बोट टेकवायचं, बाण दाबायचा, काम झालं.

"बाई, ह्या 'भा'ला तर आमच्या वयात रोजचं काम हाय," शेटे तेव्हा हसून म्हणाले होते.

आणि त्यांचा जिवलग दोस्त कोण, तर भालचंद्र हिंगमिरे. शेट्यांचा भालू. आता इतक्या वर्षांनी कुणीही म्हणेल, बाई, तुम्हाला तेव्हाच कसं सुचलं नाही? नाही सुचलं.

हिंगमिरे बेदाण्याच्या सौद्यात बोली पुकारायचे. आवाज असा की मार्केटात बोलले तर स्टँडवर ऐकू जावं. क्लासला यायचे ते शिकायला नव्हे, शेट्यांची चेष्टा करायला. मागच्या खुर्चीवर बसून म्हणायचे, "बाई, ह्याला बोलायचं बटण कुठलं ते दाखवा. तिसरीपासनं मी एकटाच बोलतोय." त्या आश्विनात त्यांच्या गळ्यात गाठ निघाली. रविवारी मिरजेला दवाखान्यात नेलं. पाण्याची गाठ आहे, काढली की दिवाळीला घरी, असं घरच्यांनी त्यांना सांगितलं होतं. आम्हा सगळ्यांनाही तेवढंच माहीत.

तर त्या मंगळवारी पावणेपाचला मी संघाच्या हॉलवर गेले. बघते तो खुर्च्या भिंतीला लावलेल्या, टेबलावर पांढरी चादर, आणि चादरीवर हिंगमिऱ्यांचा फोटो. झेंडूचा हार, उदबत्ती.

"बाई, भालचंद्र गेला," आमचे सेक्रेटरी निकम म्हणाले. "ग्रुप बघितला नाही का सकाळपासून?"

ग्रुपचा आवाज मी बंदच ठेवत असे. मी होते तिथंच बसले. रविवारी गाडीत बसून हसत गेलेला माणूस! डोळ्याला पदर लावला आणि मागच्या त्या खुर्चीकडं बघायचं टाळलं.

पाचला शेटे आले. हातात वही, वहीत पेन. चपला काढून आत पाऊल टाकलं आणि फोटो दिसला.

"कवा?" एवढंच त्यांनी विचारलं.

निकमांनी पाठीवर हात ठेवला. शेटे टेबलाशी जमिनीवरच बसले आणि मोठ्यानं रडायला लागले. सत्तरी उलटलेला माणूस असा रडताना मी कधी बघितला नव्हता. "उद्या येणार हुतो की रं मी," फोटोकडं बघून म्हणत होते. "सकाळच्या गाडीनं येणार हुतो. एक दीस थांबायचं न्हाईस?"

निकम बोलले, आणखी कुणी बोललं. मग दोन मिनिटं उभं राहायचं ठरलं. सगळे माना घालून उभे, आणि निकमांचा फोन वाजला. त्यांनी कापला. पुन्हा वाजला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा त्यांनी घेतला, आणि हॉल इतका गप्प होता की पलीकडचं सगळ्यांना ऐकू आलं. हिंगमिऱ्यांचा मुलगा होता, शिरीष.

"आत्ता ग्रुप बघितला मी! कसली श्रद्धांजली टाकताय तुम्ही लोक? बाबा जिवंत आहेत! इथं कॉटवर बसून तुमचा ग्रुप वाचतायत!"

बसावं की उभं राहावं, कुणाला कळेना. कुणीतरी पुढं होऊन फोटोवरचा हार काढला आणि तो कुठं ठेवायचा म्हणून हातातच धरून राहिला. शेट्यांना तर आनंदानं काय करावं सुचेना. "हाय? भालू हाय?" म्हणत ते एकेकाचे हात धरायला लागले. त्यांचा तो आनंद दोन मिनिटंसुद्धा टिकला नाही.

"पहिलं कुणी टाकलं?" निकम म्हणाले. "मी तुमचं बघून टाकलं."

"आणि मी तुमचं बघून!"

झालं होतं ते असं. सकाळी शिरीषनं वडिलांचा एक जुना, छान फोटो ग्रुपवर टाकून खाली लिहिलं होतं, 'बाबा मिरजेला ॲडमिट आहेत. उद्या ऑपरेशन. सर्वांनी प्रार्थना करावी.' त्याच्याखाली लगेच कुणाची तरी श्रद्धांजली पडली. मग वरचं वाचतोय कोण! फोटो दिसला, श्रद्धांजली दिसली, जो तो आपली एक टाकून मोकळा. एकसष्ट जणांनी टाकली. निकमांनी तर पंधरा ओळींचा लेखच लिहिला. आणि घरी फोन करून विचारायचं कुणाच्या मनात आलं नाही, कारण दुःखाच्या वेळी कशाला त्रास द्यायचा.

निकम बोटानं ग्रुप वर वर सरकवत गेले. सगळ्यात पहिली श्रद्धांजली, अकरा वाजून चौदा मिनिटं. मल्लाप्पा शेटे.

"मी पुसलं हुतं!" शेटे ओरडले. "'भालू, घाबरू नको' म्हणून लिवाय लागलो. 'भा' लिवलं, हात हलला, भलतंच गेलं. पर मी पुसलं, मग भ्यानं दिसभर फोन उघडलाच न्हाई! ह्यो बघा माझा फोन, माझ्यात न्हाईच! बाईंना इचारून पुसलं!"

त्यांनी फोन पुढं केला. त्यांच्या फोनमध्ये ते खरंच नव्हतं. मी माझा काढून बघितला, तर माझ्यात होतं.

पुसायचे दोन प्रकार असतात. 'माझ्यासाठी हटवा' दाबलं की फक्त आपल्या फोनमधलं जातं, बाकी सगळ्यांना दिसत राहतं. 'सर्वांसाठी हटवा' दाबलं तरच सगळीकडचं जातं. माझ्या जुन्या फोनमध्ये 'सर्वांसाठी' दोन नंबरला होतं. शेट्यांच्या नव्या फोनमध्ये ते पहिलं होतं. वाचून दाखवू का, म्हणून त्यांनी विचारलं होतं मला. मीच नको म्हटलं.

सगळे माझ्याकडं बघत होते.

"हात थरथरतो हो त्यांचा," मी म्हटलं. "आपण सांगावं एक, दाबलं जातं दुसरं. व्हायचंच."

शेटे माझ्याकडं बघत राहिले. मला वाटलं, आता बोलतील. मग त्यांनी मान खाली घातली.

"असंल," ते म्हणाले. "माझाच हात."

आज या गोष्टीला सहा वर्षं झाली, पण ते 'असंल' आठवलं की अजून मला माझीच शिसारी येते. एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका लाल पेन्सिलीनं गोल करणारी बाई मी. स्वतःची एक कबूल करताना तोंडाला कुलूप लागलं. आणि कशासाठी, तर बाईंना येत नाही असं कुणी म्हणू नये म्हणून!

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं शेटे मिरजेला निघाले. मीही बरोबर गेले. मला घरी बसवेना. जाताना मी डबाभर चकल्या घेतल्या होत्या. गळ्याचं ऑपरेशन असलेल्या माणसाला चकल्या! डोकंच ठिकाणावर नव्हतं.

शिरीष वरच्या मजल्यावर जिन्याशीच भेटला. वडिलांना नुकतंच आत नेलं होतं.

"काका, तुम्ही जा," तो शेट्यांना म्हणाला. आवाज चढवला नाही त्यानं, चढवला असता तर बरं झालं असतं.

"मी थांबतो. भाईर आला की पाय धरतो त्याचं, आन् जातो."

"नको. बाहेर आल्यावरही नको." शिरीषचे डोळे रात्रभर न झोपल्यासारखे लाल होते. "पाण्याची गाठ नाहीये ती, काका. कॅन्सर आहे. आम्ही त्यांना कळू दिलं नव्हतं. काल तुमचं ते वाचून त्यांनी मला जवळ बसवून घेतलं. म्हणाले, शेट्याचा पुतण्या इथंच लॅबमध्ये आहे, त्यानं रिपोर्ट बघून सांगितलं असणार. शेट्या खोटं टपाल टाकायचा नाही. आता खरं काय ते तू सांग. मी काय सांगणार होतो?"

शेट्यांनी कठडा धरला.

"आज त्यांचा आवाज काढून टाकतायत. स्वरयंत्रच काढावं लागतंय. शेवटची रात्र होती त्यांची बोलायची. हसत, शिव्या देत बोलले असते हो आमच्याशी. ते रात्रभर भिंतीकडं तोंड करून पडले होते."

मी तिथं हातभर अंतरावर उभी होते, हातात तो डबा. एक वाक्य बोलायचं होतं फक्त. शिरीष, चूक यांची नाही, मी यांना चुकीची ओळ सांगितली. दहा शब्द नाहीत. मी डबा या हातातून त्या हातात घेतला.

"चला शेटे," मी म्हटलं.

परतताना सांगली मागं पडली. मग शेट्यांनी खिशातून फोन काढून माझ्यापुढं धरला.

"बाई, ह्यो तुमच्याकडं असू द्या. माझ्यानं आता हातात धरवत न्हाई."

"अहो, असं काय करताय? चार दिवसांनी लागेल तुम्हाला."

"ठेवा ओ. तुमच्याकडं असला म्हंजे बरं."

मी घेतला. घरी आल्यावर तो सारखा वाजत होता. ग्रुपवर शेट्यांच्या नावानं बोलणी चालली होती. कुणी शिव्या घालत होतं, एक शहाणा हसण्याची चित्रं टाकत होता. मी फोन बंद केला आणि कपाटात साड्यांखाली ठेवला. खोटं कशाला बोलू, मला सुटल्यासारखं वाटलं. तो फोन डोळ्यांसमोर नसला की ती ओळही नसल्यासारखी होती.

ऑपरेशननंतर अकराव्या दिवशी हिंगमिरे गेले. दुखणं आधीच फार पसरलं होतं. शिरीषनं ग्रुपवर लिहिलं, 'बाबा गेले.' त्याच्याखाली दिवसभर कुणी एक अक्षर टाकलं नाही. एकशेबारा माणसं, आणि सगळी एकमेकांची वाट बघत बसलेली. शेट्यांना निकमांनी दारात जाऊन सांगितलं. अंत्यविधीला ते सगळ्यांच्या मागं, रस्त्याच्या कडेला उभे होते. पुढं या म्हणून त्यांना कुणी म्हटलं नाही. मीसुद्धा नाही.

दिवाळी झाली. कार्तिकातल्या एका सकाळी शेटे माझ्याकडं आले. अंगावरचा शर्ट दुसऱ्याचा घातल्यासारखा ढगळ झाला होता.

"बाई, पेन्शनीचा हयातीचा दाखला काढायचाय. त्याचा नंबर का काय त्या फोनवर येतोय म्हंत्यात."

"येतो ना. बसा, चहा टाकते."

मी साड्यांखालून फोन काढला, चार्जिंगला लावला. चहा झाला. शेट्यांनी दोन्ही हातांनी कप धरला होता, तरी बशीत सांडत होता. फोन सुरू झाला, नेट आलं आणि वाजायला लागला. एक, दोन, तीन. थांबेचना. कुणाचं आहे म्हणून मी बघितलं आणि खुर्चीत बसले.

"कुणाचं हाय?" शेट्यांनी कप खाली ठेवला.

"भालचंद्रांचं."

कोण, म्हणून त्यांनी विचारलं नाही. नुसतं म्हणाले, "वाचा."

"शेटे, मी म्हणते..."

"मोठ्यानं वाचा, बाई."

मी चष्मा पुसला आणि वाचलं. अक्षर न् अक्षर वाचलं.

'शेट्या, नरड्यात नळी हाय. बोलता येत न्हाई. लिवून सांगतो.'

'पोरगं तुला काय बोललं ते कळलं. मनावर घेऊ नको. ते घाबरलंय.'

'मी चिडलो न्हाई. लोक मेल्यावर वाचत्यात ते मी जित्ता वाचलं. निकम्यानं माझं कौतुक केलंय म्हंजे बघ.'

शेट्यांच्या तोंडून हसण्यासारखा एक आवाज आला.

'दुपारी दोन ते चार शिरीष जेवाय जातो. तवा कुणी नसतं. ये.'

'आज आला न्हाईस.'

'आजबी वाट बघितली. आता तू बोल, मी ऐकतो. जनमभर उलटं झालं.'

'ये की रं.'

शेवटचा एकच राहिला होता. तारीख ते गेले त्याच्या आदल्या दिवशीची. शेटे थांबले होते, म्हणून तोही वाचला.

'तुला लिवलेल्यावर एकच टिक येतीया. तुझा फोन बिघडलाय. गुळवणीबाईंना दाखव. त्या नीट करतील.'

मी फोन टेबलावर ठेवला. बाहेर भाजीवाली ओरडत गेली. शेट्यांनी टोपी काढून तोंड पुसलं आणि टोपी गुडघ्यावर ठेवली.

"शेटे," मी म्हटलं, "त्या दिवशी दोन नंबरची ओळ मीच सांगितली होती. तुमचा हात चुकला नव्हता."

"ते मला ठावं हाय, बाई. मी दोनदा इचारलं हुतं न्हवं का?"

"मग हॉलमध्ये बोलला का नाहीत?"

"दोघांनी बोलणी खाऊन काय मिळालं असतं? तुम्ही शिकवणारं माणूस. 'भा' तर माझ्याच हातानं गेलं हुतं." त्यांनी हात झटकला. "त्याचं काय न्हाई."

मी रडत होते. त्यांनी मला रडू दिलं. मग फोनकडं बघत, त्याला हात न लावता विचारलं, "ह्यो बंद हुता व्हय, इतकं दीस?"

"मीच बंद केला. घरी आल्यावर लगेच. सारखा वाजत होता."

शेट्यांनी गुडघ्यावरची टोपी उचलून डोक्यावर घातली.

"मी ठेवाय दिला हुता, बाई," ते म्हणाले. "बंद करा म्हणलं न्हवतं. शिरीषनं जिन्यातनं परत लावलं, तवाच मी म्हणलं, भालू आता लिवंल. त्यो गप बसायचा न्हाई. माझ्यानं तर ते बघवणार न्हवतं. म्हणलं बाईंच्याकडं असंल, तर आलेलं त्या बघतील, आन् घरी येऊन सांगतील. रोज दुपारी मी ओट्यावर बसून हुतो. तुम्ही येताय का बघत."